झाकली मूठ



रत्नागिरी हे नजरकैदेचं जुनं गाव. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ मध्ये इथं आणलं आणि तीस वर्षांनी, १९१६ मध्ये, तो इथंच वारला. राहायला पुढं राजवाडाही मिळाला, हाताखाली नोकरचाकर होते. फक्त मनासारखं कुठं जाता येत नव्हतं. आम्हां मराठी कॅथलिक लेखकांच्या मनाची गत काहीशी तशीच आहे. म्हणून या संमेलनाच्या अध्यक्षपदाचं आमंत्रण आलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिनं चाळिशीही गाठली नव्हती. वसईला आमच्या घरी पुढच्या दारी माणसं जमली, जपमाळ सुरू झाली. आई प्रत्येक मण्याला ठरलेलं उत्तर ठरल्या वेळी देत होती. मग ती उठून मागच्या दारी गेली. शेवग्याखाली भांडी घासता घासता ती आमच्या कादोडी बोलीत देवाला जे बोलली, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. थोड्या वेळानं डोळे पुसून पुढं आली आणि जपमाळेत पुन्हा मिसळली. भाषाही बदलली: मागच्या दारी कादोडी, पुढच्या दारी पुस्तकातली मराठी.

पुढं एका मासिकासाठी मी बहिणीवर लेख लिहिला. त्यात देवावरच्या रागाचं एक वाक्य होतं. लेख पाठवण्याआधी मीच ते काढलं. संपादकांनी ते पाहिलंसुद्धा नव्हतं. त्या जागी 'प्रभूच्या इच्छेपुढे आम्ही नतमस्तक आहोत' असं घातलं. लेखाचं कौतुक झालं.

तेव्हापासून छापून येणाऱ्या आपल्या श्रद्धेच्या साक्षी मी जरा संशयानं वाचतो. आजार येतो, नऊ दिवसांची नोव्हेना होते, आजार जातो, आभार मानले जातात. ज्याचा आजार गेला नाही त्याची साक्ष छापून येत नाही. मुलगा मिस्साला येईनासा झाला की आई 'त्याची शिफ्ट आहे' म्हणते; ऐकणाऱ्याच्या घरीही तशीच शिफ्ट चालू असते.

या झाकण्याला भित्रेपणा म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. आपण मूठभर आहोत. या किनाऱ्यावर रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि घाटावरचं कोल्हापूर असे तीन जिल्हे मिळून २००५ मध्ये एक धर्मप्रांत झाला. यावरून आपली संख्या कळावी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा त्यांच्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या झग्याचीच चर्चा जास्त झाली. घरातलं उणं आपणच चव्हाट्यावर मांडलं तर ते कोण कुठं वापरील, या धास्तीनं झाकली मूठ सव्वा लाखाची वाटते. फक्त त्या मुठीत जपमाळ आहे की राग, हे पुढं पुढं झाकणाऱ्यालाही आठवेनासं होतं.

आता आपल्या आद्य ग्रंथाकडे, 'ख्रिस्तपुराणा'कडे पाहा. त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले; ते मूळचे एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमधले. तिथं कॅथलिकांना मिस्सा चोरून करावी लागे. आणि इथं? इथं १५६० पासून इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलेलं. नवख्रिस्ती माणसाला जुन्या घरातली सवय, जुनं गाणं लपवावं लागे. एका झाकलेल्या देशातून सुटून हा माणूस दुसऱ्या झाकलेल्या देशात आला, आणि इथं झाकायला लावणारे त्याच्याच धर्माचे होते. अशा काळात १६१६ मध्ये छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो: आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला दुसरं पुराण का देत नाही? हा प्रश्न नम्र आहे, पण तक्रार आहे. स्टीफन्सनी ती गाळली नाही. तिचं उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या. मराठी कॅथलिक साहित्याची सुरुवात अशी एका गाऱ्हाण्यानं झाली आहे, हे आपण विसरतो.

असंच गाऱ्हाणं स्तोत्रसंहितेतही आहे. तिच्यातलं ८८ वं स्तोत्र काढून बघा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी आभाराची एक ओळसुद्धा नाही, तरी ते बायबलमध्ये राहिलं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपानं आली, तेव्हा कळलं की त्या हसऱ्या चेहऱ्यामागे जवळजवळ पन्नास वर्षं देवाच्या अनुपस्थितीचा काळोख होता. ती पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. ती मोडली गेली, याबद्दल मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं. चर्चनं त्यांना २०१६ मध्ये संत म्हटलं. पत्रं तोवर सर्वांनी वाचली होती.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्या कॅथलिक नव्हत्या, हे कुणी उठून सांगण्याआधी मीच सांगतो. त्यांच्या पतीचा, रेव्हरंड टिळकांचा, जन्म याच जिल्ह्यातल्या करजगावचा, त्यामुळे रत्नागिरीकरांनी लक्ष्मीबाईंना सूनबाई म्हणायला हरकत नसावी. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हाचा आपला आकांत, आपलं सोवळं, आपला हट्ट, सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात जसंच्या तसं ठेवलं, आणि तेही ख्रिस्ती झाल्यानंतर. त्या मागच्या दारी बसून लिहीत होत्या. आम्ही अजून ओटीवर आहोत.

मी काढलेलं ते वाक्य खर्ड्यात अजून आहे. परवा इथं यायला निघताना शोधून वाचलं. आई असती तर म्हणाली असती, राग ठीक आहे रे, पण हे फार पुस्तकी झालं.