क्लेअरची स्वामिनी एलिझाबेथ आणि तिचे तीन विवाह



वधूवरांची राजीखुशी हाच विवाहाचा प्राण होय, ही ख्रिस्तसभेची शिकवण बाराव्या शतकांत पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या निर्णयांनीं दृढ झाली. परंतु जेथें वधूच्या पदरीं जहागीर असे, तेथें या शिकवणुकीची काय दशा होई, तें इंग्लंडांतील एलिझाबेथ द बर्ग हिच्या चरित्रावरून आम्ही आज आपणांपुढें मांडूं इच्छितों.

तिचा जन्म १२९५ सालीं झाला. पिता गिल्बर्ट द क्लेअर हा ग्लॉस्टरचा अर्ल. माता जोन ही राजा पहिला एडवर्ड याची कन्या. तेराव्या वर्षीं, १३०८ त, अल्स्टरच्या अर्लाचा पुत्र जॉन द बर्ग याच्याशीं तिचें लग्न लागलें. त्याच सुमारास तिच्या भावाचें लग्न जॉनच्या बहिणीशीं झालें. आपल्याकडे ज्यास साटेंलोटें म्हणतात, तोच हा प्रकार. जॉन १३१३ त वारला. पुढच्याच वर्षीं बॅनकबर्नच्या रणांत तिचा भाऊ निपुत्रिक पडला, आणि क्लेअर घराण्याची अफाट दौलत तीन बहिणींकडे आली. येथून या विधवेची खरी विटंबना सुरू झाली.

१२१५ च्या मॅग्ना कार्टांत विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती करूं नये, असें स्पष्ट कलम होतें; मात्र राजाच्या संमतीशिवाय तिनें लग्न करूं नये, अशी मेखही त्यांतच होती. १३१६ च्या फेब्रुवारींत थिओबाल्ड द व्हर्डन यानें तिला ब्रिस्टलच्या किल्ल्यांतून नेलें. ती आपण होऊन आली, आमचा वाङ्‌निश्चय आयर्लंडांतच झाला होता, असें त्यानें सांगितलें. नेणाराही तोच आणि तिच्या वतीनें बोलणाराही तोच! सहा महिन्यांच्या आंत तो मेला. इकडे तिच्या पोटांत मूल, आणि तिकडे तिचा सख्खा मामा, राजा दुसरा एडवर्ड, आपल्या मर्जींतील सरदार रॉजर डॅमरी याच्यासाठीं आग्रह धरून बसलेला. १३१७ च्या मार्चांत एम्सबरीच्या मठांत तिला कन्या झाली, व थोड्याच आठवड्यांत ती तिसऱ्यांदा वेदीपुढें उभी राहिली. मामानें भाचीचें हित पाहावें, ही आपली रीत. येथें मामानें भाचीच बक्षीस दिली.

डॅमरी पुढें राजाविरुद्ध बंडांत सामील होऊन १३२२ त मरण पावला. एलिझाबेथला बार्किंगच्या मठांत अटकेंत ठेवलें, आणि तिच्या थोरल्या बहिणीचा पति ह्यू डिस्पेन्सर यानें दडपण आणून तिची वेल्समधील उस्कची जहागीर लाटली. १३२६ त तिनें या अन्यायाविरुद्ध गुप्तपणें लेखी निषेध नोंदवून ठेवला. त्याच वर्षीं डिस्पेन्सर फांसावर गेला, व उस्क तिला परत मिळालें.

सव्विसाव्या वर्षीं तिसऱ्यांदा विधवा झालेली ही स्त्री पुढें अडतीस वर्षें जगली, पण चौथें लग्न तिनें केलें नाहीं. तिनें ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें. मठवासिनी मात्र झाली नाहीं. आपल्या जहागिरीचा कारभार ती स्वतः पाही. केंब्रिजमधील पैशावांचून अडलेलें एक विद्यालय तिनें १३३८ त हातीं घेतलें. तेंच क्लेअर कॉलेज. १३५९ त त्यास नियम घालून दिले, त्यांत गरीब मुलांचीही सोय केली. तिची नात मात्र १३४२ त राजपुत्र लायोनेल यास दिली गेली, तेव्हां ती दहा वर्षांची व वर चार वर्षांचाही नव्हता! रीत अशी सहजासहजीं सुटत नाहीं.

१३६० च्या नोव्हेंबरांत ती निवर्तली. लंडनच्या ऑल्डगेटबाहेर संत क्लारेच्या संघांतील भगिनींच्या मठांत तिला पुरलें. क्लेअर कॉलेजच्या ढालीस काळी किनार असून तीवर सोनेरी थेंब आहेत. ते तिचे अश्रु, असें सांगतात.