विश्वकोशाची झाडलोट



ज्ञानकोश कोणी रचला, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. तो कोणी नीटनेटका ठेवला, हे सहसा कोणी विचारीत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली वाईस मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले व त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. ही नावे आपल्याला आदराने ठाऊक असतात. परंतु नोंदींतील सनावळ्या पडताळून पाहणारे, एकाच व्यक्तीचे तीन प्रकारे लिहिले गेलेले नाव एकसारखे करणारे, मुद्रितांवर खुणा करीत रात्र जागविणारे अनेक हात अशा प्रत्येक कामामागे असतात. त्यांची नावे आढळलीच, तर आभाराच्या एखाद्या ओळीत आढळतात.

ह्या दुर्लक्षित कामाचा आज स्वतंत्रपणे विचार करणे आवश्यक झाले आहे, कारण विश्वकोशाचे स्वरूपच पालटले आहे. छापील खंड प्रसिद्ध होईपर्यंत संपादन चाले आणि खंड बाहेर पडला की थांबे. विकिपीडिया हा सर्वांनी मिळून लिहावयाचा व सर्वांना विनामूल्य वाचता येणारा कोश मात्र कधीच पूर्ण होत नाही. त्याची पूर्वपीठिका बोधप्रद आहे. २००० साली अमेरिकेत ‘न्यूपीडिया’ नावाचा एक ज्ञानकोश संगणकाच्या जाळ्यावर सुरू झाला. त्यात तज्ज्ञांनी लिहावे आणि प्रत्येक लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जावा, असा नियम होता. नियम चांगला होता, परंतु वर्ष उलटले तरी पुरे झालेले लेख जेमतेम विसाच्या आसपास होते. त्याला जोड म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा आरंभ झाला. त्यात दार सताड उघडे ठेवले गेले. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याने लिहिलेले दुरुस्त करावे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला आणि आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत.

दार उघडे ठेवले म्हणजे माणसे येतात, तशी धूळही येते. न्यूपीडियात तपासणी लेखाच्या आधी होती. विकिपीडियात ती लेखाच्या नंतर आली. एवढा एकच फरक, परंतु त्याने साफसफाई हा ह्या कोशाचा प्राण ठरला. आधी तपासणारा नसेल, तर नंतर तपासणारा असलाच पाहिजे. तो नसेल तर काय होते, ह्याचा धडा २००५ साली मिळाला. जॉन सायगेनथॉलर ह्या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकारावरील लेखात, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता, असे धादांत खोटे विधान कोणी तरी घुसविले. ते चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. विधान लिहिणारा एकच होता. ते वाचून पुढे गेलेले किती होते, हा खरा चिंतेचा प्रश्न होय.

मराठी विकिपीडियाने ह्या कामासाठी घडविलेली परिभाषा मोठी गोड आहे. सामुदायिक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात. हात बसविण्यासाठी जेथे कसेही लिहून पाहावे, ती ‘धूळपाटी’. एकाच प्रकारची हजारो कामे निमूटपणे करणाऱ्या यंत्राज्ञावलीला ‘सांगकाम्या’ असे नाव आहे. प्रत्येक लेखाच्या मागे ‘इतिहास’ नावाचे पान असते आणि त्यात कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला वा काढला, ह्याची नोंद राहते. प्रत्येक लेखाला ‘चर्चा’ नावाचे दुसरे पान जोडलेले असते. काय बदलले हे इतिहासाने सांगावे आणि का बदलले हे चर्चेने, अशी ही योजना आहे.

ह्या योजनेचे महत्त्व कळण्यासाठी अडीच शतके मागे जाऊन फ्रान्सकडे पाहावे लागेल. दिदरो व दालाँबेर ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘आंसिक्लोपेदी’ ह्या महान ज्ञानकोशाचा पहिला खंड १७५१ साली प्रसिद्ध झाला. १७५९ साली राजसत्तेने त्याचा परवाना रद्द केला, तरी दिदरो नेटाने काम करीत राहिला. परंतु १७६४ साली त्याला एक भयंकर गोष्ट कळली. त्याने तपासून पाठविलेल्या मुद्रितांतून, प्रकाशक व मुद्रक ल ब्रेताँ ह्याने, सरकारच्या व धर्मपीठाच्या धास्तीने, धाडसी वाटणारा मजकूर गुपचूप कापून टाकला होता. ल ब्रेताँच्या दृष्टीने ती साफसफाईच होती. हातात कात्री दोघांच्याही होती; फरक इतकाच, की दिदरो आपल्या कात्रीचा जाब द्यावयास तयार होता आणि ल ब्रेताँची कात्री अंधारात चालली. आजच्या कोशात कापलेला परिच्छेद इतिहासाच्या पानावर सापडतो. कापणाऱ्याला कारण विचारता येते आणि कारण पटले नाही तर परिच्छेद परत आणता येतो. संपादकाची सत्ता लोकशाहीत कशी वापरली जावी, ह्याचा हा एक वस्तुपाठ आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. झाडलोट करणारा लेख उघडतो आणि प्रथम विशेषणांना हात घालतो. ‘थोर’, ‘लोकप्रिय’, ‘झुंजार’ ही विशेषणे गौरवग्रंथात शोभतात. कोशात त्यांच्या जागी माणसाने काय केले, ते सनासह लिहावे लागते. ‘काही विद्वानांच्या मते’ असे आढळले, की ते विद्वान कोण आणि त्यांनी हे कोठे म्हटले, असे विचारावे लागते. एका कवीवर एक लेख टोपणनावाने व दुसरा पूर्ण नावाने झाला असेल, तर दोन्ही एकत्र करून एका नावावरून दुसऱ्याकडे वाट करून द्यावी लागते. ऱ्हस्वदीर्घ सुधारावे लागतात. दुसऱ्या ग्रंथातून जसाच्या तसा उचललेला मजकूर काढून, तोच आशय स्वतःच्या शब्दांत मांडावा लागतो.

ह्यातील कोणतेही काम वरवरचे नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. जेधे शकावलीत शिवजन्माची तिथी शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हा शाळेत शिकविलेला ठोकताळा. तो येथे लावला तर १६२९ हे उत्तर येते आणि ते चुकते. कारण फाल्गुन येईपर्यंत इसवी सनाचे नवे वर्ष लागलेले असते, म्हणून तेथे ७९ मिळवावे लागतात. घाईने ‘दुरुस्ती’ करणारा अशा वेळी बरोबर असलेले साल चुकीचे करून ठेवतो. बरे, प्रश्न तेथेही संपत नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य शासनाने २००१ साली स्वीकारली; परंतु १६२७ सालच्या वैशाखातील तिथी मानणारी परंपराही दीर्घकाळ चालत आली आहे. नीटनेटकेपणाच्या हौसेने ह्यातील एक परंपरा पुसून टाकणे, हे कोशकाराचे काम नव्हे. कोणती तारीख कोणत्या साधनावर आधारलेली आहे, कोणती सर्वमान्य होत गेली आणि का, हे सांगून त्याने निर्णय वाचकाच्या विवेकावर सोपवावा. निःपक्षपातीपणा म्हणजे मतांचा अभाव नव्हे. प्रत्येक मताला त्याच्या पुराव्याइतकी जागा देणे, हा त्याचा अर्थ आहे.

येथेच ह्या कामातील धोकाही दिसून येतो. झाडू चालविणाऱ्याला केर कोणता आणि दाणे कोणते, हे ओळखता आले पाहिजे. डोना स्ट्रिकलंड ह्या कॅनेडियन शास्त्रज्ञाविषयीच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला. त्यांची दखल इतरांनी पुरेशी घेतल्याचे संदर्भांवरून दिसत नाही, असे कारण देण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्या दिवशी जगाने शोध घेतला, तेव्हा त्यांच्यावर लेखच नव्हता. नियम पाळणाऱ्याने नियम पाळला होता. परंतु स्त्रियांची दखल घेण्यात समाजाने आधीच कुचराई केली असेल, तर ‘दखल दाखवा’ हा नियम त्या कुचराईवर शिक्कामोर्तब करतो.

हे आपल्याकडेही पडताळून पाहता येईल. ताराबाई शिंदे ह्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्याचा कैवार घेतला. त्यानंतर नऊ दशके ते पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. समजा, १९५० साली कोणी ताराबाईंवर चार ओळींची नोंद केली असती आणि दक्ष संपादकाने तिच्यासाठी संदर्भ मागितले असते, तर किती मिळाले असते? ती नोंद केरात गेली असती. म्हणून जेथे छापील साधने दुर्मिळ आहेत, तेथे नोंद काढून टाकण्यापूर्वी तिच्यासाठी साधने शोधणे, हाही संपादनाचाच भाग मानला पाहिजे. दलित, आदिवासी, भटक्या समाजांचा इतिहास, कामगार चळवळींची पत्रके, जिल्ह्यांच्या गावी निघून बंद पडलेली नियतकालिके ह्यांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे.

आता सर्वांत निकडीचा प्रश्न. लेखांची संख्या म्हणजे कोशाची समृद्धी, असा एक भ्रम पसरला आहे. फिलिपीन्समधील सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांहून अधिक लेख आहेत. त्यांतील बहुसंख्य एका सांगकाम्याने तयार केलेले आहेत. स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियातील हजारो लेख, ती भाषा येत नसलेल्या एका अमेरिकन मुलाने हौसेने लिहिले होते, हे २०२० साली उघडकीस आले. वर्षानुवर्षे ते कोणाच्या लक्षात आले नाही, कारण लक्ष ठेवणारे स्कॉट्सभाषक तेथे जवळजवळ नव्हतेच. ग्रीनलंडच्या भाषेतील विकिपीडिया तर यंत्राने केलेल्या सदोष अनुवादांनी इतका भरून गेला, की २०२५ साली तो बंद करण्याचा निर्णय झाला. ह्या भाषांना लिहिणारे मिळाले होते. त्यांना झाडणारे मिळाले नाहीत.

मराठी ही त्या भाषांसारखी अल्पसंख्यांची भाषा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तिचे भाषक सुमारे ८ कोटी ३० लक्ष आहेत. तरीही मराठी विकिपीडियात गावांविषयीची अशी असंख्य पाने आहेत, की जी एकाच साच्यातून काढलेली असून मथळ्यांखाली त्या गावाचे स्वतःचे असे काहीच नाही. इंग्रजीवरून यंत्राने उतरविलेले, कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे अशी वाक्ये असलेले लेखही आहेत. पूर्वी असे लेख वाचून फार तर वाचक वैतागला असता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे भाषा शिकतात ती जाळ्यावरील मजकुरातून, आणि ज्या भाषांचा मजकूर तेथे थोडा आहे त्यांच्या बाबतीत विकिपीडियाचा वाटा मोठा असतो. यंत्राने मोडकी मराठी लिहावी, ती कोशात राहावी, दुसऱ्या यंत्राने तीच प्रमाण मानून शिकावी आणि शाळकरी मुलाला गृहपाठासाठी परत द्यावी, असे हे दुष्टचक्र आहे. ते तोडण्याची जागा एकच : कोशातील ते वाक्य वाचून, हे मराठी नव्हे, असे म्हणणारा आणि तेथेच ते सुधारणारा माणूस.

हा माणूस वेतन घेत नाही, हे त्याचे भूषण मानले जाते. परंतु ज्याला फावला वेळ, वीज, यंत्र आणि ग्रंथालय उपलब्ध आहे, त्यालाच असे विनावेतन काम परवडते, हेही विसरता कामा नये. शिवाय ह्या सार्वजनिक श्रमाचे फळ मोठमोठ्या कंपन्या आपल्या धंद्यासाठी मुक्तपणे उचलतात. ज्ञान सर्वांना मुक्त असावे, हे तत्त्व सोडावयाचे नाही. मात्र ह्या सामायिक विहिरीतून जे मोटा भरभरून उपसतात, त्यांनी तिचा गाळ काढण्याचा भारही उचलावा, ही मागणी न्याय्य आहे. आणि श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न तर आपल्याच मनातला आहे. नवा लेख लिहिणाऱ्याचे कौतुक होते. पन्नास लेखांतील संदर्भ तपासणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. झाडणाऱ्याला खालचा मानण्याची जी खोड आपल्या समाजरचनेने लावली, ती ज्ञानाच्या क्षेत्रातही शिरली आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत. केर काढणे आणि प्रश्न विचारणे ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे होती. ‘ह्या विधानाला आधार काय?’ असे विचारणारा कोशसेवक नकळत त्याच वाटेने चालत असतो.

हे काम विद्यापीठांनी, शाळांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी आपले मानावयास हवे. त्यासाठी पांडित्याची अट नाही. प्रत्येकाने आपल्या गावाचा लेख उघडावा. नदीचे, तालुक्याचे नाव बरोबर आहे की नाही, ते पाहावे. वाचनालयातील जुन्या अंकांत, स्मरणिकांत, गॅझेटियरमध्ये त्या गावाविषयी काय छापले गेले आहे ते शोधून, पृष्ठांकासह आधार द्यावा. एक मोडके वाक्य सरळ करावे. जे काढावयाचे ते का काढले, हे चर्चेच्या पानावर दोन ओळींत सांगावे आणि दुसऱ्याने आक्षेप घेतला तर न रागावता ऐकून घ्यावे. आठवड्याला अर्धा तास पुरतो. छापील खंडाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडले, की संपादकाची जबाबदारी संपत असे. ह्या कोशाचे शुद्धिपत्र रोज लिहावे लागते, आणि ते लिहिण्याचा अधिकार वाचकाच्या हाती आहे.