पॉवर टिलरची केबल : चिखलणीआधी टोके तपासा



रोहिणी निघाल्या की भाताच्या रोपांची गडबड सुरू होते. ७-८ जूनला मृग लागतो आणि रोपे लावणीला आली की पॉवर टिलर खाचरात उतरतो. त्या चार दिवसांत तो अडला, तर मेस्त्री मिळत नाही, आणि मेस्त्री मिळाला तर सुटा भाग मिळत नाही. इंजिनाचे ऑइल, पट्टे, रोटाव्हेटरची पाती तुम्ही पाहताच. केबलकडे मात्र ती तुटल्याशिवाय कोणी बघत नाही. म्हणून आज केबलविषयीच बोलू या.

१२-१३ अश्वशक्तीचे यंत्र पुढे, माणूस मागे. ते आवरायला हाताशी असते एक रेसची केबल आणि डाव्या-उजव्या स्टिअरिंग क्लचच्या दोन. काही बनावटीत केबलऐवजी लोखंडी दांडी असते. तिथे पुढे सांगितलेली पिनांची गोष्ट तेवढी ध्यानात घ्यावी.

केबलचे काम सोपे आहे. आतली पिळाची तार लिव्हर ओढतो आणि बाहेरची नळी आपल्या जागी घट्ट बसून राहते. नळीच्या टोकाची टोपी फुटली किंवा नळी खोबणीतून सरकली, की तुमची अर्धी ओढ नळी वाकवण्यातच जाते. लिव्हर पुरा दाबलात तरी खाली क्लच पुरा सुटत नाही.

केबल मधेच क्वचित तुटते. झिजतात ती टोके. तारेच्या टोकाला जी धातूची गोळी असते, ज्याला आपण निपल म्हणतो, ती लिव्हरच्या खाचेत फिरली पाहिजे. गंजून ती फिरेनाशी झाली, की दर वेळी तार एकाच ठिकाणी मुडपते आणि तिचा एकेक पदर तुटत जातो. हे वरून दिसत नाही. लिव्हर दाबून धरा आणि तारेच्या टोकावरून फडके फिरवा, बोट नको. फडके अडकले तर पदर तुटलेला आहे असे समजा. एक पदर तुटला तरी केबल बदलावी. ‘एवढा हंगाम काढू’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण उरलेल्या पदरांवर भार वाढतो आणि ती तुटते नेमकी जोर लागेल तेव्हा, म्हणजे बांधाशी वळताना.

दुसरे नुकसान सावकाश होते आणि जास्त महाग पडते. बहुतेक टिलरच्या स्टिअरिंग क्लचमध्ये दाते एकमेकांत बसतात. केबल फार ताणलेली असली तर दाते पुरे बसत नाहीत, चढाला खटखट आवाज येतो आणि दात्यांचे कोपरे गोल होतात. मग गिअरबॉक्स उघडावी लागते. केबलच्या किमतीशी त्या खर्चाची तुलनाच नको.

आता बदलायचे कसे ते पाहू. टिलर सपाट जागी, इंजिन बंद आणि गार. केबल कोणत्या बाजूने कशी गेली आहे ते आधी नीट पाहून घ्या. ॲडजस्टर पुरा आत फिरवा म्हणजे तार ढिली पडेल. आधी खालचे टोक सोडवा, मग हँडलचे. जुनी केबल फेकू नका. ती घेऊनच दुकानात जा आणि नव्या केबलशेजारी ठेवून नळीची लांबी, बाहेर राहणारी तार आणि निपलचा आकार, ही तिन्ही जुळवा. कॅम्कोची केबल व्हीएसटीला बसेलच असे नाही. सायकलच्या ब्रेकची तार लावायची युक्ती बरेच जण करतात. रेसला, टिलर शेतातून घरी आणण्यापुरती, ती एक वेळ चालेल. स्टिअरिंग क्लचला मुळीच लावू नये. तिचे निपल लहान असते आणि खाचेतून निसटते.

नवी केबल सायलेन्सरला टेकू नये आणि कुठे आखूड वळण घेऊ नये. निपलला ग्रीसचे बोट लावा. मग ॲडजस्टर बाहेर घेत या, पण लिव्हरला सुरुवातीला थोडी ढिलाई राहू द्या. ती किती, ते तुमच्या टिलरच्या पुस्तिकेत दिलेले असते. चेकनट आवळायला विसरू नका, नाहीतर हादऱ्यांनी ॲडजस्टर परत फिरतो.

खालच्या टोकाला पिन असेल तर ती बाहेर काढून पाहा. मधे खाच पडली असेल तर नवी पिन घाला. स्प्लिट पिन दर वेळी नवीच घ्यावी. तिच्या जागी खिळा वाकवून घालणे मी जवळजवळ प्रत्येक गावात पाहतो. तो खिळा चिखलात पडला की क्लच गेला. लिव्हरचे भोक लांबट झाले असेल तर नव्या केबलनेही काम होणार नाही. भोक भरून नव्याने पाडून घ्या.

इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक लिव्हर दाबून सोडा. खालचा दांडा आपोआप मागे आला पाहिजे. मग सुरू करून रेस कमी-जास्त करा, आणि शेवटी लिव्हरनेच इंजिन बंद होते ना ते पाहा. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, डिझेल तुटल्याशिवाय ते थांबत नाही. म्हणून रेसची केबल तुटली तर इंजिनावरचा दांडा हाताने कोणत्या बाजूला ढकलायचा, हे घरातल्या टिलर चालवणाऱ्या प्रत्येकाला आजच दाखवून ठेवा. डिझेलचा कॉक बंद करूनही इंजिन थांबते, पण नळीतले डिझेल संपेपर्यंत ते चालूच राहते.

आणखी एक. केबल नवी असली तरी उतारावर स्टिअरिंग क्लच दाबू नये. यंत्र मागून ढकलले जात असते, त्यामुळे डावा क्लच दाबला तर टिलर उजवीकडे वळतो. उतारावर गिअर खालचा ठेवावा आणि हँडलनेच वळवावे.

खाडीकाठच्या ज्या मंडळींच्या होडीला मागे टांगलेले इंजिन आहे आणि रेस-गिअर दुरून केबलने चालतात, त्यांनाही टोकांची आणि पिनांची हीच तपासणी लागू आहे. तिथे खाऱ्या पाण्यामुळे गंज लवकर धरतो. खार जमिनीत टिलर चालवणाऱ्यांनी संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावे, मात्र केबलच्या वरच्या तोंडावर पाण्याचा झोत मारू नये. आत प्लास्टिकची नळी नसलेल्या केबलमध्ये धुऊन वाळल्यावर वरून पातळ ऑइलचे चार थेंब सोडावेत.

रेसची एक आणि स्टिअरिंगची एक जादा केबल घरी असावी. ती घडी घालून ठेवू नका, मोठी गुंडाळी करून खुंटीला टांगा, उंदरांच्या वाटेपासून दूर.