मागच्या दाराची किल्ली



नाशिक, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकठिकाणच्या औद्योगिक वसाहतींतून आलेल्या आपणा सर्व प्रतिनिधींचं पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या उद्योजकांच्या वतीने स्वागत. स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे गोडवे गायचे असतात. तो रिवाज मी थोडक्यात उरकतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग भोसरी, आकुर्डी, तळवडे करत हा पट्टा थेट म्हाळुंगे-निघोजेपर्यंत पसरला. इथे गाड्या बनतात हे देशाला ठाऊक आहे. ज्या शेडमध्ये त्या बनतात, त्या शेडची दारंही इथलीच, हे कुणी सांगत नाही. मी भोसरीत फायर डोअर आणि शटर बनवतो, म्हणून सांगून घेतलं.

चाकणचा एक लौकिक याहून जुना आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्गावर शाइस्ताखानाची फौज पन्नासहून जास्त दिवस बाहेर थोपवून धरली. बाहेरच्याला आत शिरू न देणं हे किल्ल्याचं काम. आमच्या कारखान्यांची दारं अजून त्याच हिशेबाने लागतात, आणि माझी तक्रार आहे ती एवढीच.

९ मे २०१९ च्या पहाटे उरुळी देवाचीत साड्यांच्या दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपले होते आणि दुकानाला बाहेरून कुलूप होतं. पाचही गेले. ७ जून २०२१ ला मुळशीत उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात १७ जण गेले, त्यांत १५ महिला. ३० ऑगस्ट २०२३ ला चिखलीच्या पूर्णानगरात दुकानातच राहणारं चौघांचं कुटुंब गेलं. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तळवड्यात, केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये सहा महिला त्याच दिवशी गेल्या आणि पुढे रुग्णालयातून बातम्या येत राहिल्या. १९ मार्च २०२५ ला हिंजवडीत कर्मचाऱ्यांची मिनीबस पेटली. आग कशी लागली हे पोलिसांनी पाहायचं. माझ्या डोक्यातून जात नाही ते एवढंच, की मागचं दार उघडलं नाही आणि मागे बसलेले चौघे आतच राहिले.

यांतली प्रत्येक आग वेगळी. कुठे रसायन, कुठे नुसता कपडा. पण आग लागण्याचं कारण शोधायला समित्या बसतात आणि दाराची किल्ली कुणाच्या खिशात होती हे विचारायचं राहून जातं.

आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं एक दार सांगतो. शेडच्या मागच्या बाजूला, स्क्रॅप यार्डाकडे उघडणारं. वर हिरवी ‘निर्गमन’ पाटी, आडवा पॅनिक बार, सगळं नियमाप्रमाणे. त्या बारमधून साखळी ओवलेली असते आणि साखळीला कुलूप. किल्ली मेन गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये, पाटीवरच्या चौथ्या खिळ्याला. विचारलं की उत्तर ठरलेलं, “साहेब, माल जातो.” खोटं नाही ते. तांब्याची वायर जाते, टूल बिट्स जातात, नुकसान खरंच होतं. पण त्याला उपाय आहे. दार ढकललं की कर्कश भोंगा वाजेल असं यंत्र बसवा, नाहीतर हिसक्यासरशी तुटणारं प्लॅस्टिकचं नंबरी सील लावा. दार कधी उघडलं ते कळेल आणि माणूसही कोंडला जाणार नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही हेच आहे : बाहेर पडायचं दार बाहेर जायच्या दिशेने, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. ही अट काही हौसेने घातलेली नाही. १८८३ साली इंग्लंडात संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये दार बोल्टने अर्धवट अडकलेलं होतं. जिन्यात १८३ मुलं चेंगरून मेली आणि त्यानंतर तिथे हे पॅनिक बार आले. आपण तो बार विकत आणतो आणि त्यालाच साखळी बांधतो!

नवीन इमारतींत साखळी नसते, तिथे चुंबकी कुलूप असतं. वीज गेली की ते सुटतं, असं विक्रेता सांगतो. सुटतं, मान्य. पण आपण त्याला बॅटरी बॅकअप देतो, त्यामुळे वीज गेली तरी ते घट्टच राहतं. म्हणून फायर पॅनेलने त्या कुलपाचाच पुरवठा थेट तोडला पाहिजे आणि दाराशेजारी काच फोडून तो हाताने तोडायची सोयही पाहिजे. प्रत्यक्षात पॅनेलवाला एक, कुलूप आणि थंबचं मशीन बसवणारा दुसरा. दोघांच्या कोटेशनमध्ये मधली वायर नसते. सगळे कागद पूर्ण, बिलं पास, आणि ती वायर कुणाचीच नाही. उद्याच्या एका सत्रात या वायरीवरच भांडण व्हावं, अशी माझी इच्छा आहे.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या दिवसांत साखळ्या निघतात. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये कुणी फिरून पाहिलं, तर बरंच काही दिसेल. फायर डोअर सताड उघडं ठेवायला अग्निशामक सिलिंडरच टेकवलेला मी स्वतः पाहिला आहे.

आणि आपण दार मोजतो ते कुणाच्या मापाने? धावू शकणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, दोन्ही हात मोकळे असलेल्या माणसाच्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेची मानकं पाळल्याशिवाय इमारतीला भोगवटा मिळता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सरकारला बजावलं की ही मानकं नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ती बंधनकारक करा. तरी आमच्याकडे रॅम्प अगदी थाटात चढतो आणि वर दाराशी चार इंचांचा उंबरठा लागतो. फिरत्या गेटशेजारी व्हीलचेअरसाठी रुंद फाटक असतं, पण ते पाहुण्यांसाठी राखीव म्हणून बंद. गोल मुठीचा नॉब संधिवाताच्या हाताने फिरत नाही, दांड्याचं हँडल कोपरानेही दाबता येतं. प्रेस शॉपमधल्या कर्णबधिर कामगाराला सायरन ऐकू जात नाही, त्याला लुकलुकणारा दिवा लागतो. इथून जवळच खडकीला जखमी जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथला जवान उद्या तुमच्याकडे हिशेबनीस म्हणून आला, तर तो आत कसा येईल आणि घाईच्या वेळी बाहेर कसा पडेल, हे दोन्ही प्रश्न एकाच दाराला विचारायचे आहेत.

आता थोडं व्यवस्थेबद्दल. या सभागृहाला तीन बाहेरची दारं आहेत. तिन्ही सकाळी मी स्वतः ढकलून पाहिली. व्हीलचेअरसाठी डावीकडचं दार सोयीचं आहे. सांकेतिक भाषेचे दुभाषे पहिल्या रांगेसमोर उभे आहेत. जेवणाची सोय मागच्या हॉलमध्ये आहे, काही उणंअधिक राहिलं तर सांभाळून घ्या. उद्याच्या चाकण भेटीच्या बसगाड्यांची मागची दारं आमच्या मुलांनी काल संध्याकाळी उघडून पाहिली. एका गाडीचं जाम होतं, ती बदलून घेतली आहे. सेफ्टी शूज घालून यावं. बस सकाळी सातला निघेल. आठला निघाली तर तळेगाव चौकात काय होतं, हे चाकणकरांना विचारा.