तंटा, तडजोड आणि न्याय
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महाड-पोलादपूरच्या या डोंगराळ मुलखात जमिनीचे तुकडे लहान, पण त्यांवरील वाद दीर्घायुषी. सातबारावर चार भावांची नावे, त्यांतील दोघे मुंबईला. बांध हातभर सरकतो आणि दोन पिढ्यांचे बोलणे खुंटते. अपिलांची वाट संपते तेव्हा जिंकणाऱ्याच्या हाती बांध राहतो, भाऊ राहत नाही. म्हणून न्यायालयाबाहेर तंटा मिटविण्याच्या मार्गांचा विचार अगत्याचा ठरतो.

हा विचार आपणांस परका नाही. रायगड राजधानी असताना वतनाचे वाद गोतसभेपुढे चालत आणि निर्णय महजरात नोंदविला जाई. इतर देशांनीही आपापल्या परीने वाटा शोधल्या. नॉर्वेमध्ये १७९५ पासून समेट मंडळे आहेत. त्यांत कायदेपंडित नव्हे, तर गावातील तीन सामान्य नागरिक बसतात. जपानच्या १९५१ च्या दिवाणी समेट कायद्यात न्यायाधीशासोबत जनतेतील समेटकार असतात आणि तेथे नोंदलेल्या समेटाला निवाड्याचे बळ मिळते. श्रीलंकेत १९८८ च्या कायद्यानुसार ठराविक वाद आधी मध्यस्थी मंडळाकडे न्यावेच लागतात. इंग्लंडमध्ये मध्यस्थी दीर्घकाळ ऐच्छिक मानली गेली. तथापि योग्य प्रकरणी न्यायालय ती फर्मावू शकते, असे तेथील अपील न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले.

आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीला वैधानिक स्थान दिले. तेथील तडजोड हुकूमनाम्यासमान असते. तिच्यावर अपील नाही आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. २००७ साली राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने सामुदायिक मध्यस्थीलाही स्थान दिले. परंतु तिच्यातील समझोत्याला हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही.

मात्र एक सावधगिरी याच भूमीने शिकविली आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी तळे खासगी असल्याचे सांगत त्यांच्याविरुद्ध दावा दाखल झाला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. समजा, त्या वेळी 'आठवड्यातून दोन दिवस पाणी घ्या' अशी तडजोड कोणी सुचविली असती, तर ती शांतता ठरली असती, न्याय नव्हे. बांध वाटून घेता येतो, माणुसकीचा हक्क वाटून घेता येत नाही. मारहाण सोसणाऱ्या सुनेला 'घर मोडू नको' म्हणून गप्प बसविणे, हीदेखील मध्यस्थी नव्हे.

म्हणून पंच म्हणून बसणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. दोन्ही पक्ष बरोबरीने बोलू शकतात काय? संमती मनापासून आहे की दडपणाखाली? आणि कागद पक्का झाला काय? वाटणीपत्राची नोंदणी होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत काम संपले असे मानू नये.

सत्याला अनेक बाजू असतात, असे अनेकान्तदृष्टी सांगते. पंचाने त्या सर्व बाजू ऐकाव्यात. पण दुर्बलाची बाजू आधी ऐकावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.