पुण्यात छापलेली अरामी

कोळवण खोऱ्यातल्या श्रोत्यांनो, अरामी ही सुमारे तीन हजार वर्षांची भाषा. इराणी साम्राज्याचा कारभार तिच्यात चाले. सम्राट अशोकानेही कंदाहारच्या लेखात ग्रीकबरोबर तिला जागा दिली.

तिचा एक धागा थेट आपल्या पुण्यात येतो. १८७४ मध्ये इथे बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी ‘हगादा’ छापला गेला. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचायचे हे पुस्तक, सोबत मराठी भाषांतर. चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडीत! या पुस्तकात भुकेल्याला जेवायला बोलावणारे सुरुवातीचे आवाहन हिब्रूत नाही, अरामीत आहे. किती जिव्हाळ्याचे पुस्तक हे! मृतांसाठी म्हटली जाणारी ज्यूंची कद्दिश प्रार्थनाही बहुतांशी अरामीच.

प्रार्थना टिकली, पण अरामीच्या बोली संकटात आहेत. सीरियात मालूला आणि शेजारच्या दोन गावांची बोली युद्धाने विस्कटली. इराकी कुर्दिस्तानातले अरामी बोलणारे ज्यू १९५० च्या सुमारास इस्राएलला गेले आणि त्यांची मुले हिब्रूत वाढली. अशा बोलींचे शेवटचे वृद्ध भाषक गाठून अभ्यासक आज त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करत आहेत.

मंडळी, तसेच आपल्या मुळशीतल्या तुमच्या आजी-आजोबांचे बोलणे, ओव्या, शेतीचे शब्दही मोबाइलवर टिपून ठेवा.