पहिल्या षड्जाआधीची धास्ती



सातारा-सांगलीच्या संगीतशिक्षकांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद तुम्ही एका मानसोपचारतज्ज्ञाकडे सोपवलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मेळावा मिरजेत भरला आहे. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेब इथंच चिरनिद्रा घेत आहेत. इथले तंबोरे आणि सतारी देशभर वाजतात. अशा गावात मला बोलायचं आहे ते कार्यक्रमाआधी कलावंताच्या पोटात उठणाऱ्या गोळ्याविषयी. हा विषय ग्रीनरूमच्या बाहेर सहसा कुणी काढत नाही.

सतार वाजवणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिच्या परवानगीनंच सांगतो. रियाज भरपूर, हात तयार. मंचावर मात्र मींड घेताना बोट थरथरायचं, घामानं तारेवरून निसटायचं आणि गंधारावर विसावायचा सूर अलीकडेच डळमळायचा. सगळ्यांनी तिला एकच सांगितलं होतं : रियाज वाढव. तिनं वाढवला. त्याबरोबर भीतीही वाढली, कारण एवढं करूनही जमत नाही म्हणजे आपल्यातच खोट आहे, असं तिनं मनाशी धरलं.

खोट तिच्यात नव्हती. भीती वाटली की रक्तात अॅड्रिनलिन उतरतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार होतात, श्वास वरच्यावर होऊ लागतो. पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तम. विलंबित आलापीला मात्र ती जाचक. गायकाची अडचण आणखी मोठी, कारण श्वास आणि गळा हेच त्याचं वाद्य. बसून राहिलं तर हा जोर बहुतेक वेळा थोड्या वेळात ओसरतो. पण ‘घसा बसलाय’ म्हणून ऐनवेळी कार्यक्रम टाळला, की लगेच हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यानंच भीती मूळ धरते. पुढचा कार्यक्रम अधिकच जड जातो. व्लादिमीर होरोविट्झसारखा पियानोवादक १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं जाहीर कार्यक्रमांपासून दूर राहिला. चेलोवादक पाब्लो कासाल्सची धास्ती तर जन्मभर गेली नाही. तेव्हा भीती वाटणारा कलावंत कच्चा असतो, हे आपण मनातून काढून टाकू या.

आपल्या परंपरेनं यावर, फारसा गाजावाजा न करता, उपाय केला होता. शिष्य आधी गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसायचा. काही वर्षांनी गुरू मान वळवून खूण करायचे, तेव्हा एखादा आलाप, एखादी तान घ्यायचा. चुकलाच तर सावरायला गुरू पुढे असायचे. श्रोत्यांची नजर अशी थोडी थोडी अंगवळणी पडायची. आज आम्ही दवाखान्यात जे करून घेतो, ते फारसं वेगळं नाही. गायक अंतूबुवा जोशींनी औंधला सुरू केलेला संगीत महोत्सव किंवा मिरजेच्या दर्ग्यातली खाँसाहेबांच्या स्मरणाची संगीतसभा मला म्हणूनच मोलाची वाटते. तिथं सेवा म्हणून हजेरी लावता येते. आता मात्र पोर क्लासच्या खोलीतून उठतं ते थेट परीक्षकांपुढे, नाहीतर टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे जाऊन बसतं. मधल्या पायऱ्या आपण काढून टाकल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

गोळीचंही बोललं पाहिजे. प्रोप्रॅनोलॉलच्या जातीच्या औषधांनी थरथर कमी होते, हे खरं. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांवर केलेला असा एक प्रयोग १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. पण दमा असणाऱ्याला ही गोळी जिवावर बेतू शकते. नाडी मंद असेल तरी धोका आहे. साथीदाराच्या डबीतली गोळी कुणीही घेऊ नये. शिवाय गोळी बोट स्थिर करते, चारचौघांत बसायला शिकवत नाही. धीर यावा म्हणून घेतलेली दारू तर लय आणि भान दोन्ही घालवते.

त्या मुलीला आम्ही जिना भराभर चढून यायला लावलं आणि छाती धडधडत असतानाच सतार हातात दिली. आधी आईसमोर, मग शेजारणींसमोर, मग देवळात. श्वास सोडताना लांबवायचा, बोट कापलं तरी मींड अर्ध्यावर टाकायची नाही. धास्ती तिला आजही वाटते. कार्यक्रम ती रद्द करत नाही.

तुमच्याकडे माझी मागणी आहे. प्रत्येक क्लासमध्ये महिन्यातून एक घरगुती बैठक व्हावी आणि त्या संध्याकाळी कुणाचीही चूक काढू नये. परीक्षेच्या खोलीत वाद्य लावायला, सुरात बसायला विद्यार्थ्याला दहा मिनिटं द्यावीत, त्यांचे गुण धरू नयेत. झोप उडाली, जेवण तुटलं, गाणंच सोडायची भाषा सुरू झाली, तर ‘नाटकं करतोय’ म्हणू नका, आमच्याकडे पाठवा. या मागणीचा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात घ्यावा, अशी मी अध्यक्ष या नात्यानं सूचना मांडतो.